डाव्या बाजूचं अपस्माराचं ऑपरेशन आणि स्मरणशक्ती: बायकांचं वेगळं असतं का?

कृष्णाकाठची

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. माझ्या ताईबद्दल आहे.

ताई ३४ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवते. दोन वर्षांची असताना तापात तिला मोठी आकडी आली होती. अर्धा तास थांबली नाही, असं आई अजून सांगते. मग दहा वर्षं काहीच नव्हतं. सातवीत पुन्हा सुरू झालं ते आजपर्यंत. पोटातून काहीतरी वर येतंय असं तिला वाटतं, मग एकटक बघत राहते, तोंडाने चघळल्यासारखं करते, डाव्या हाताने पदराशी चाळा चालतो आणि उजवा हात आखडतो. दीड-दोन मिनिटांत भानावर येते, पण पुढची दहा मिनिटं शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असतं आणि 'पाणी' म्हणता येत नाही. महिन्यातून चार-पाच वेळा होतं. पाळीच्या आसपास जास्त.

पाच औषधं करून झाली. एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी तयार करणारा भाग) आक्रसलेला दिसला. व्हिडिओ ईईजीसाठी (झटक्याचं चित्रण आणि मेंदूच्या लहरी एकत्र टिपतात ती तपासणी) पाच दिवस दवाखान्यात ठेवलं, तिथे सगळे झटके डाव्या कानशिलाच्या भागातूनच सुरू झालेले दिसले. डॉक्टर म्हणाले, तो भाग काढायच्या ऑपरेशनने फिट्स थांबण्याची चांगली शक्यता आहे, पण शब्दांची स्मरणशक्ती कमी होऊ शकते, विचार करून सांगा.

घरी आल्यावर दाजींच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं की बायकांचा मेंदू भाषा दोन्ही बाजूंनी सांभाळतो, त्यामुळे असला त्रास पुरुषांना होतो, बायकांना होत नाही. सासूबाईंना ते लगेच पटलं. सगळ्यांना हायसं वाटलं. ताई मात्र गप्प झाली. रात्री मला म्हणाली, "वर्गात ३१ मुलं आहेत. त्यांची नावंच आठवली नाहीत तर मी कसली बाई?"

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बायकांबद्दल जे सांगितलं ते खरं आहे का? आणि ज्यांनी यातून काढलंय त्यांचं पुढे काय झालं? दिलासा देण्यासाठी लिहू नका प्लीज, तो घरात भरपूर मिळतोय.

डोंगरवाट

माझं डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी २९ वर्षांचा होतो. आता चौदा वर्षं होतील. त्यानंतर एकही फिट नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना ते विसरू नये.

आमचं गाड्यांच्या सुट्ट्या भागांचं दुकान आहे. ऑपरेशनआधी गिऱ्हाइकाने गाडीचं नाव आणि वर्ष सांगितलं की भाग कुठल्या फळीवर आहे ते मला न बघता माहीत असायचं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी गल्ल्यावर बसलो. एक मेकॅनिक आला आणि त्याने ऑइल सील मागितलं. मला ते डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं, कुठे आहे तेही माहीत होतं, पण बिलावर लिहायला नाव येईना. "ते गोल, रबराचं" असं मी भावाला म्हणालो. भाऊ माझ्याकडे बघत राहिला, ते अजून आठवतं.

जुनं काही गेलं नाही. शाळेतल्या कविता, वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी, जुन्या गिऱ्हाइकांची नावं सगळं जागेवर आहे. त्रास होतो तो नव्याचा. नवीन कंपनीचा प्रतिनिधी चार वेळा येऊन गेला तरी नाव डोक्यात बसत नाही. पहिल्या वर्षी हे फार होतं. मग थोडं सुधारलं, आणि उरलेल्यासाठी मी वही केली. आज कोणी विचारलं तर मी पुन्हा ऑपरेशन करीन. पण कोणीतरी आधी नीट सांगायला हवं होतं. मला "थोडं विसरायला होईल" एवढंच सांगितलं गेलं होतं. त्या 'थोडं'चा अर्थ मी किल्ल्या विसरण्यासारखा काहीतरी घेतला होता.

बाई आणि पुरुष यातलं मला माहीत नाही. ताईंना माझा नमस्कार सांगा.

मज्जातंतू

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. अपस्माराच्या ऑपरेशनआधी आणि नंतर स्मरणशक्तीच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम आहे. ताईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल निर्णय देणार नाही. पण प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर अर्धवट ऐकवलं जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बाजूचं. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये विल्यम स्कोव्हिल या सर्जननी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग काढला. फिट्स खूप कमी झाल्या, पण नवीन आठवण तयार होणंच थांबलं. माँट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला जात, आणि प्रत्येक भेटीत त्या त्याला अनोळखी असत. १९५७ साली स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी हे प्रसिद्ध केलं. तेव्हापासून दोन्ही बाजू कोणी काढत नाही. एका बाजूचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांचा अभ्यास करून मिल्नरनीच पुढे दाखवलं की डावीकडे हात लावला तर शब्दांची आठवण घटते, उजवीकडे लावला तर चेहरे, आकृत्या, जागा यांची. उजवीकडचा हा नियम पुढे तितकासा पक्का ठरला नाही. डावीकडचा मात्र टिकला. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा डाव्या ऑपरेशननंतर साधारण ४४ टक्के रुग्णांची शाब्दिक स्मृती घटलेली दिसली, उजव्यानंतर २० टक्के. वस्तूंची नावं सुचण्यात घट डावीकडे ३४ टक्के. डोंगरवाट, तुमचं ऑइल सील त्या ३४ मध्ये येतं. ते पुसलं गेलेलं नव्हतं, त्याच्यापर्यंत जाणारी शब्दाची वाट तुटली होती.

आता बायकांचं. "बायकांची भाषा दोन्हीकडे असते" ही समजूत बरीच जुनी आहे, पण ती घराघरांत पोचली १९९५ मध्ये. येल विद्यापीठात १९ पुरुष आणि १९ स्त्रियांना यमक ओळखायला लावून मेंदूचं स्कॅन केलं. पुरुषांमध्ये डावी बाजू उजळली, आणि ११ स्त्रियांमध्ये दोन्ही. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. नंतर असे बरेच अभ्यास झाले आणि २००४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ते सगळे एकत्र केले, तेव्हा स्त्री-पुरुषांत असा फरक उरला नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोकांची भाषा डावीकडेच असते. म्हणजे दाजींच्या ओळखीच्यांनी सांगितलं त्या कारणाने ताईंनी निर्धास्त होऊ नये.

पण फरक मुळीच नाही, असंही नाही. शब्दांच्या यादीच्या चाचण्यांत स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षा थोडी वर असते, निरोगी लोकांतही. ऑपरेशन झालेल्यांत वेगळं काही घडतं का, याकडे पहिल्यांदा लक्ष वेधलं हर्बर्ट लॅन्सडेल यांनी, १९६२ साली. त्यांची चाचणी आकृत्यांच्या पसंतीची होती, शब्दांची नव्हती, पण कानशिलाच्या भागाच्या ऑपरेशनचा परिणाम स्त्री आणि पुरुष यांच्यात वेगळा दिसला. १९९५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने ऐकलेली गोष्ट किती टिकते हे मोजलं, आणि डाव्या ऑपरेशननंतर स्त्रिया पुरुषांपेक्षा चांगल्या स्थितीत दिसल्या. १९९७ चा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात स्त्रिया ऑपरेशनआधीही पुढे होत्या आणि डावा हिप्पोकॅम्पस काढल्यानंतरही पुढेच राहिल्या. म्हणजे हा वरचढपणा फक्त हिप्पोकॅम्पसमध्ये नसावा. यादी ऐकताना भाज्या एकीकडे, कपडे एकीकडे असे गट मनात करायची सवय स्त्रियांत जास्त दिसते. ते काम मेंदूच्या पुढच्या भागाचं आहे आणि त्या भागाला हे ऑपरेशन हात लावत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 'पुढे राहिल्या' म्हणजे 'त्यांचं काही गेलं नाही' असं नव्हे. १३ वरून १० वर आलेली बाई ९ वरून ७ वर आलेल्या पुरुषाच्या पुढेच असते. पण तिचं तीन गेलं.

सह्याद्रीची_सावली

इतकं समजेल असं या विषयावर मराठीत मी कुठेच वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली. ताईंना शुभेच्छा.

सरासरीपलीकडे

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे वैद्यकीय भागावर बोलत नाही. पण मज्जातंतू यांच्या प्रतिसादावर माझा एक आक्षेप आहे आणि तो मनापासून आहे.

या अभ्यासांमध्ये रुग्ण किती असतात? पन्नास, नव्वद, फार तर दीडशे. त्यात डावे-उजवे वेगळे करायचे, मग स्त्री-पुरुष, मग भाषा कुठल्या बाजूला. शेवटी एकेका खणात दहा-बारा माणसं उरतात. तिथे दोन-चार जणांच्या गुणांनी सरासरी हलते. शिवाय सरासरीत फरक असला तरी दोन्ही गटांत गुण कसे पसरलेत ते दाखवणाऱ्या वक्ररेषा एकमेकींवर जवळजवळ बसलेल्या असतात. कितीतरी पुरुष कितीतरी स्त्रियांच्या पुढे असतात. मग ताईंसारख्या एका व्यक्तीला 'तुम्ही स्त्री आहात' या माहितीचा उपयोग किती? उलट नुकसानच झालेलं दिसतंय. घरातल्यांनी ती एक ओळ पकडली आणि ताईंची भीती ऐकूनच घेतली नाही. मला वाटतं डॉक्टरांनी रुग्णाशी बोलताना हा मुद्दा काढूच नये.

मज्जातंतू

सरासरीपलीकडे, तुमचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. स्त्री की पुरुष यापेक्षा तीन गोष्टी कितीतरी जास्त सांगतात, आणि त्या ताईंनी विचारून घ्याव्यात. काढायचा हिप्पोकॅम्पस किती बिघडलेला आहे, ही पहिली. तो आधीच आक्रसून निकामी झाला असेल तर काढल्याने गमावण्यासारखं फार उरलेलं नसतं. एमआरआय स्वच्छ आणि शब्दांचे गुण उत्तम असतील तर तो भाग अजून काम करतोय, तिथे किंमत मोठी पडते. दुसरी, दुसऱ्या बाजूची ताकद किती. तिसरी, भाषा नक्की कुठे आहे. लहानपणापासून डावीकडे अपस्मार असेल तर काहींची भाषा उजवीकडे किंवा दोन्हीकडे सरकलेली असते, आणि हे स्त्री-पुरुष दोघांतही होतं. झटक्यानंतर दहा मिनिटं ताईंचे शब्द हरवतात हे वाचून त्यांची भाषा डावीकडेच असावी असं वाटतं, पण वाटणं पुरेसं नाही. पूर्वी यासाठी जुन वाडा या जपानी डॉक्टरांनी शोधलेली चाचणी करत. मानेतल्या रक्तवाहिनीतून औषध देऊन मेंदूची एक बाजू काही मिनिटं झोपवायची आणि दुसरी बोलते का, लक्षात ठेवते का ते बघायचं. आता बऱ्याच ठिकाणी फंक्शनल एमआरआयवर भागतं, म्हणजे भाषेचं काम करताना मेंदूचा कुठला भाग उजळतो ते दाखवणारं स्कॅन. जर्मनीतल्या बॉन इथल्या गटाने डाव्या बाजूच्या रुग्णांत लिंग आणि भाषेची बाजू यांचा एकत्र विचार केला, आणि माझ्या मते विचार करायची रीत तीच आहे. एकटं लिंग फारसं काही सांगत नाही.

पण मुद्दा काढूच नये हे मला अजिबात पटत नाही. कारण तो न काढल्याने बायकांचं नुकसान होताना मी पाहिलंय. आमच्या चाचणीत १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात, मध्ये दुसरी एक यादी घुसवतात, आणि अर्ध्या तासाने पहिली यादी विचारतात. समजा एका बाईंना अर्ध्या तासाने १० शब्द आठवले. हे गुण निरोगी लोकांच्या गुणांच्या तक्त्याशी ताडून बघतात. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या तक्त्यात बघितलं तर हे सामान्य ठरतं. पण त्यांच्या वयाच्या, त्यांच्याएवढ्या शिकलेल्या बायकांच्या तक्त्यात बघितलं तर तीच संख्या खालच्या टोकाला जाऊ शकते. त्यांची घट रिपोर्टात लपते. म्हणून बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेने २००४ साली जी चाचणीमाला प्रसिद्ध केली तिच्यात तक्ते वय, शिक्षण आणि लिंग यांप्रमाणे वेगवेगळे आहेत. इतकं चांगलं साधन आपल्याकडे असताना ते वापरलं जातंय की नाही हे रुग्णाने विचारायलाच हवं.

आणि याहूनही महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशनआधीची चाचणी झालेली असली पाहिजे. आधीचे गुणच नसतील तर नंतर काय गेलं हे कोणी सांगू शकत नाही.

शब्दवेल

वर लपलेल्या घटीबद्दल जे लिहिलंय ते माझ्या बाबतीत झालं, म्हणून लिहिते.

मी तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक आहे. २६ व्या वर्षी डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनआधी माझी सविस्तर चाचणी झालीच नव्हती, पुढची तारीख मिळत नव्हती आणि सगळ्यांनाच घाई होती. वर्षभराने तक्रार केली तेव्हा चाचणी घेतली आणि कागदावर आलं, 'सामान्य मर्यादेत'. मी डॉक्टरांना सांगत होते की साहेब डिक्टेशन देतात ते मी आजही एक शब्द न गाळता घेते, वाक्य कानात धरून ठेवता येतं. पण दुपारी कोणी विचारलं की सकाळच्या साक्षीत काय झालं, तर पान कोरं. माझ्याच हाताने लिहिलेलं मला परक्याचं वाटतं. ते म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, काळजी करू नका.

घरी सासरे म्हणाले, "फिट्स थांबल्या ना, अजून काय पाहिजे?" नवऱ्याची आठवण गेली असती तर नोकरीचं काय होणार म्हणून सगळे जागे राहिले असते. माझी गेली तर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण दूधवाल्याचा हिशेब, मुलीच्या लसीच्या तारखा, कोणाला काय पथ्य आहे हे मी डोक्यात ठेवते याची कधी नोंदच नव्हती. तेच निसटायला लागलं आणि मी 'हलगर्जी' ठरले.

पुढे एका दुसऱ्या सायकॉलॉजिस्टबाईंनी बायकांच्या तक्त्यावर माझे गुण बसवून दाखवले. १५ पैकी ९ होते. मी त्या दिवशी रडले, पण दुःखाने नाही. माझं काहीतरी गेलंय हे पहिल्यांदा कोणीतरी मान्य केलं होतं. त्यांनीच माझी औषधंही तपासायला सांगितली. एका गोळीने शब्द सुचायला उशीर होतो, ती डॉक्टरांनी हळूहळू बदलली आणि निम्मा फरक तिथेच पडला.

आणखी एक, कोर्टात आहे म्हणून माहीत आहे ते सांगते. अपस्मार हे लग्न रद्द करण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं आहे. ताईंना घरात कोणी त्यावरून टोचत असेल तर हे सांगा. नसेल टोचत तर फार चांगलं.

डोंगरवाट

शब्दवेल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला त्या ऑइल सीलचं नाव आठवेना तेव्हा दुसऱ्या दिवशी भावाने सगळ्या फळ्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. घरातलं गल्ल्यावर बसणारं माणूस होतो म्हणून लावल्या, हे आज कळतंय.

नर्मदेहर

आमच्या मुलीचं ऑपरेशन उजव्या बाजूचं, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये झालं. तिथे ही ऑपरेशनं १९९५ पासून होतात. मुलीला शब्दांचा काही त्रास झाला नाही. रस्ते मात्र चुकते, ऑपरेशनआधीही चुकायची. तिच्या बाबतीत मला जाणवलं ते असं, की पहिले सहा महिने तिचं मन फार खाली गेलं होतं आणि त्या काळात ती "मला काहीच आठवत नाही" म्हणायची. चाचणीत तेवढं काही निघालं नाही. मनाचे उपचार झाले आणि तक्रारही गेली. मुलगी आहे म्हणून रडतेय, असं आमच्याकडे कोणी म्हणालं होतं. तसं कोणी म्हणालं तर ऐकू नका, डॉक्टरांना सांगा.

मज्जातंतू

नर्मदेहर यांचा अनुभव बरोबर आहे. विसरण्याची तक्रार आणि चाचणीचे गुण यांच्यापेक्षा तक्रार आणि उदासी यांचं नातं पुष्कळदा जास्त घट्ट निघतं. पण शब्दवेल यांच्यासारखी माणसंही असतात, ज्यांची तक्रार शंभर टक्के खरी असते आणि उदासी म्हणून ती बाजूला सारली जाते. दोन्ही तपासायचं, एकाने दुसरं झाकायचं नाही.

ऑपरेशन न करण्याचीही एक किंमत असते, ती या धाग्यात अजून आलेली नाही. २००१ साली कॅनडातल्या लंडन शहरात ८० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना औषधंच. वर्षभराने शुद्ध हरपवणाऱ्या झटक्यांतून ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के मुक्त होते, औषधांच्या गटातले ८ टक्के. २००३ मध्ये बॉनच्या गटाने २४९ रुग्णांचा दोन ते दहा वर्षं मागोवा घेतला. ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांची स्मृती घटली. आणि औषधांवर राहिलेल्यांपैकी? सुमारे ५० टक्क्यांची. चालू राहणाऱ्या फिट्स स्वतःच आठवण खात राहतात. ऑपरेशनने फिट्स थांबलेल्यांत काही क्षमता वर्षांमागून परत येताना दिसली, फिट्स चालू राहिलेल्यांत नुकसान दुहेरी झालं. म्हणून मी रुग्णांना विचारते, दहा वर्षांनी कुठे असाल असं वाटतं, दोन्ही रस्त्यांनी.

कृष्णाकाठची, पाळीच्या आसपास झटके वाढतात हे तुम्ही लिहिलंय. इस्ट्रोजेन मेंदूतली उत्तेजना वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ती शांत करतं, त्यामुळे बऱ्याच जणींचं तसं होतं. चाचणीची तारीख ठरवताना हे डॉक्टरांना सांगा. आदल्या दिवशी दोन फिट्स येऊन गेलेल्या बाईंची चाचणी घेऊन काही कळत नाही.

सरासरीपलीकडे

वरचे प्रतिसाद वाचून माझं मत बदललं आहे. लिंगावरून भाकीत करणं आणि लिंगाप्रमाणे तक्ता वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी त्या एकच धरल्या होत्या. पहिलीबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे. दुसरी न करणं ही सरळ मोजमापाची चूक आहे. शब्दवेल, तुम्ही लिहिलंत म्हणून हे समजलं.

कृष्णाकाठची

महिना उलटला, म्हणून कळवतेय. सगळे प्रतिसाद मी ताईला मोठ्याने वाचून दाखवले होते. दाजीही ऐकत होते. शब्दवेलताईंचं वाचून झालं तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, चाचणीला मी येतो.

चाचणी झाली, दोन सत्रांत. आधी तीन दिवस फिट नव्हती. अर्ध्या तासाने ताईला १५ पैकी ६ शब्द आठवले. तिच्या वयाच्या, पदवीपर्यंत शिकलेल्या बायकांच्या तक्त्यात ते बरंच खाली येतं. तिथल्या मॅडमनी कागद आमच्यासमोर ठेवून बोट लावून दाखवलं. आकृत्या मात्र तिने छान काढल्या आणि नंतरही आठवून काढल्या. फंक्शनल एमआरआयमध्ये भाषा डावीकडेच निघाली. मी त्यांना विचारलं, बायकांची दोन्हीकडे असते ना? त्या म्हणाल्या, यांची डावीकडे आहे.

अर्थ त्यांनी असा लावून दिला: डावा हिप्पोकॅम्पस आधीच फारसं काम करत नाहीये, त्यामुळे अजून खूप काही जाईल असं वाटत नाही, उजवी बाजू चांगली आहे. पण नावं सुचण्याचा त्रास वाढू शकतो, विशेषतः माणसांची नावं, आणि शिक्षिका म्हणून तो जाणवेल. हे त्यांनी ताईकडे बघून सांगितलं, आमच्याकडे नाही.

ताईने ऑपरेशनला हो म्हटलंय. मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर. तिला स्वतःला लिहायचं आहे, खालचं तिचं आहे.

कृष्णाकाठची (ताई लिहितेय)

नमस्कार. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी इतकं लिहिलंत. मला अर्ध्या तासाने सहाच शब्द आठवले हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट झालं. गेली कित्येक वर्षं मला वाटत होतं की मी मन लावत नाही, म्हणून मुलांची नावं दिवाळीपर्यंत पाठ होत नाहीत. बाकीच्या बाईंना आठवड्यात होतात. माझा आळस नव्हता तो.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मला सगळ्या येतात. त्या जाणार नाहीत ना, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या जुन्या आणि इतक्या वेळा म्हटलेल्या गोष्टी सहसा जात नाहीत. मग मी त्यांना एक म्हणून दाखवली.

डोंगरवाट, तुमच्या फळ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून मला सुचलं. जूनमध्ये नवीन पहिली येईल, त्यांची नावं मला कदाचित लवकर यायची नाहीत. अंगणवाडीच्या बाईंकडून यादी आणली आहे. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर एकेका नावासमोर त्या मुलाचा फोटो चिकटवतेय, आणि खाली एक ओळ, घर कुठलं, कोणाची नात, काय आवडतं. फोटो आमचे हे काढून आणतात, घरोघर जाऊन. सतरापैकी अकरा झाले.